घंटा वाजली नाही म्हणजे सगळं ठीक?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका क्लायंटची साइट पडली. साइट म्हणजे काय, तर घाटमाथ्यावर पत्र्याची एक खोली. आत एक रॅक, रॅकमध्ये राउटर, खाली बॅटऱ्या, आणि हे सगळं गार ठेवायला भिंतीवर एक एसी. माणूस कोणी नाही. महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन कुलूप उघडतो, एसीची जाळी साफ करतो आणि रजिस्टरवर सही ठोकून येतो. अशा बिनमाणसाच्या खोलीत काय चाललंय हे लांबून कळावं म्हणून राउटरला अलार्मच्या तारा जोडलेल्या असतात. दार उघडलं, धूर झाला, वीज गेली, खोली तापली... प्रत्येकाला दोन-दोन तारा. हे सगळे अलार्म इनपुट मीच कॉन्फिगर केले होते.

एसीचा एमसीबी ट्रिप झाला, खोलीची भट्टी झाली आणि काही तासांनी राउटरने स्वतःच मान टाकली. तेव्हा आम्हाला कळलं. तोपर्यंत आमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार!

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तापमान वाढलं की राउटरला सांगणारा जो छोटा कंट्रोलर होता, त्याची वीज त्याच एमसीबीवरून घेतलेली. एसी गेला तसा तोही गेला. आणि मी इनपुट ठेवला होता 'नॉर्मली ओपन'. म्हणजे सर्किट तुटलेलं असेल तर सगळं ठीक, जोडलं गेलं तर अलार्म. आता मेलेला कंट्रोलर कसलं सर्किट जोडतोय? राउटर बिचारा सर्किट तुटलेलं बघून 'ठीक आहे, ठीक आहे' सांगत बसला. (इनपुट असा का ठेवला होता? आधीच्या साइटची फाईल होती, कॉपी-पेस्ट केली. खोटं कशाला बोला.)

रिपोर्ट लिहिताना वाटलं, ही चूक करणारा मी पहिला नक्कीच नसेन. मग दोन वीकेंड वाचत बसलो. पहिला तर सोडाच, माझ्याआधी दीडशे वर्षं लोक याच खड्ड्यात पडून उठलेले निघाले.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत बॉस्टनला. विल्यम चॅनिंग नावाच्या डॉक्टरने १८४५ मध्ये वर्तमानपत्रात एक कल्पना मांडली. तार नुकतीच आली होती. गावोगावी निरोप पाठवायला ती चालते, तर एकाच शहरात आग लागल्याची खबर द्यायला का नको? मोझेस फार्मर हा इंजिनियर त्याला सामील झाला आणि १८५२ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनची विजेवर चालणारी फायर अलार्म यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावर डबे लावले. डब्यातला दांडा फिरवला की दातेरी चाक फिरायचं आणि सर्किट ठराविक पद्धतीने तोडजोड करायचं. त्यावरून मुख्य कचेरीत कळायचं की कोणत्या डब्यावरून हाक आली. पुढे जॉन गेमवेलने या पेटंटचे हक्क विकत घेतले आणि गेमवेलच्या नावाने हे डबे अमेरिकेत शहराशहरात गेले.

या गेमवेल पद्धतीत एक साधी पण फार शहाणी गोष्ट होती. एका लूपवरचे सगळे डबे एकापुढे एक जोडलेले आणि त्यातून कायम थोडासा करंट वाहता ठेवलेला. आग नसतानाही. डबा ओढला की तो करंट ठराविक तालात तुटतो. आणि वाऱ्याने तार तुटली, तर करंट तुटतो तो तुटतोच, ताल नाही. म्हणजे कचेरीतल्या माणसाला दोन्ही कळतं. आग लागली तेही, आणि आग लागली तर कळणार नाही अशी वेळ आलीय तेही.

आता त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. बॉस्टनला लागूनच समरव्हिल आहे. तिथल्या ऑगस्टस पोप नावाच्या पाद्र्याने १८५३ मध्ये चोरांसाठीच्या अलार्मचं पेटंट घेतलं. दारं-खिडक्यांना कॉन्टॅक्ट, एक बॅटरी, एक घंटा. दार उघडलं की सर्किट जुळतं आणि घंटा वाजते. चोराने पटकन दार लावून घेतलं तरी घंटा वाजतच राहावी अशी सोयही त्याने केली होती. हुशार माणूस! पण सर्किट होतं माझ्यासारखंच: एरवी तुटलेलं, संकट आलं की जुळणारं. तार कुठे तुटली किंवा बॅटरी उतरली, तर ज्या रात्री चोर येईल त्या रात्री कळणार.

मग लोक असं करायचेच का? वाचताना मला आधी वाटलं, त्यांना सुचलं नसेल. पण कारण फार व्यवहारी आहे. करंट कायम वाहता ठेवायचा तर बॅटरी कायम खर्च होते. १८६६ मध्ये लेक्लांशे सेल आला, आपल्या टॉर्चच्या सेलचा आजोबा. तो स्वस्त आणि बिनकटकटीचा, घंटेसाठी उत्तम. पण त्यातून सतत करंट काढला की तो मलूल पडतो. सतत चालायला डॅनियल जातीचा सेल लागायचा. त्यात मोरचुदाचं पाणी, ते बघत राहायचं, भरत राहायचं. थोडक्यात, ज्याला आपण आज 'डिफॉल्ट' म्हणतो तो त्या काळी बॅटरीच्या हिशेबाने ठरायचा, सुरक्षिततेच्या नव्हे.

हा हिशेब उलटा फिरवला रेल्वेने. आणि हा भाग मला सगळ्यात आवडला.

विल्यम रॉबिन्सन नावाच्या माणसाला आगगाडी स्वतःच सिग्नल बदलेल अशी व्यवस्था करायची होती. १८७० मध्ये त्याने पेन्सिल्वेनियातल्या किंझुआ इथे ती बसवली. गाडी आली की सर्किट जुळणार आणि सिग्नल धोका दाखवणार. चालली की! पण रॉबिन्सन त्यावर विचार करत बसला आणि त्याच्या लक्षात आलं की बॅटरी मेली, तार तुटली, तर गाडी समोर उभी असतानाही सिग्नल 'या, या, रस्ता मोकळा आहे' म्हणणार. नुसती बंद पडणारी यंत्रणा परवडली, ही तर बंद पडून वर खोटं बोलणारी.

दोन वर्षांनी, १८७२ मध्ये, त्याने सगळं उलटं केलं. रुळांचा एक तुकडा बाकीच्यांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळे असताना करंट एका रुळातून जातो, रिलेला धरून ठेवतो, दुसऱ्या रुळातून परततो. रिले ओढलेला आहे तोवर सिग्नल मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले सुटतो, सिग्नल लाल. आणि खरी गंमत पुढे आहे. बॅटरी मेली, रिले सुटला, लाल. तार तुटली, लाल. रूळच तुटला, तरी लाल. 'मोकळा' म्हणण्यासाठी यंत्रणेला काहीतरी करावं लागतं, धडपडावं लागतं. 'धोका' म्हणायला काहीच करावं लागत नाही, नुसतं मरून पडलं तरी चालतं.

याला ट्रॅक सर्किट म्हणतात आणि मुंबईकरांनी ते रोज अनुभवलंय, नाव माहीत नसलं तरी. पावसात रुळांवर पाणी चढलं की करंट पाण्यातूनच इकडचा तिकडे गळतो, रिलेपर्यंत पुरेसा पोचत नाही आणि पुढे गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो. मग कुर्ला-सायनच्या मध्ये लोकल थांबते आणि डब्यात 'सिग्नल फेल, सिग्नल फेल' असं सुरू होतं. मीही त्या गर्दीत उभा राहून रेल्वेला शिव्या दिल्यात. आता कळतं की तो सिग्नल बिघडून गाडी थांबवत होता. माझा कंट्रोलर बिघडून गप्प बसला.

असो. पुन्हा बॉस्टनला येऊ, कारण पोपचं पुढे काय झालं त्यात आपल्या नेटवर्किंगवाल्यांसाठी एक मजा आहे.

पोपचं पेटंट एडविन होम्स नावाच्या व्यापाऱ्याने १८५७ मध्ये विकत घेतलं आणि त्याचा धंदा उभा केला. घरांतून, बँकांमधून, दुकानांतून तारा निघून एका कचेरीत येत, तिथे रात्रभर माणूस बसलेला. बॉस्टनमधली कचेरी त्याचा मुलगा एडविन टी. होम्स बघायचा. १८७६ मध्ये ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं. फोन तर बनला, पण जोडायचा कशाला? तारा कुठेत? तारा होम्सकडे होत्या! १८७७ च्या मे महिन्यात होम्सच्या कचेरीत एक स्विचबोर्ड बसवला आणि अलार्मच्या गिऱ्हाइकांपैकी काही बँकांना फोन दिले. दिवसा त्या तारेवरून फोन, रात्री त्याच तारेवर चोराचा अलार्म. न्यू हेवनचं जे पहिलं व्यापारी एक्स्चेंज म्हणून सगळीकडे सांगतात, ते यानंतर, १८७८ च्या जानेवारीत सुरू झालं. म्हणजे टेलिफोन नेटवर्क आधी आलं आणि मग त्यावर अलार्म बसले असं मी समजत होतो, ते नेमकं उलटं. फोनच अलार्मच्या तारेवर पाहुणा म्हणून आला होता.

पाहुण्याने पुढे घर बळकावलं, हे आपल्याला माहीतच आहे. एक्स्चेंजं वाढली, ऑटोमॅटिक झाली, आणि मग त्या एक्स्चेंजनाच अलार्म लागायला लागले. फ्यूज उडाला, बॅटरीचा व्होल्टेज उतरला, जनरेटर सुरू झाला नाही. रांगांच्या टोकाला दिवे, भिंतीवर घंटा. क्रिटिकल, मेजर, मायनर ही जी उतरंड आपण आज डॅशबोर्डवर बघतो, ती या टेलिफोनवाल्यांच्या दुनियेतली. घंटा बंद करायचं बटणही असायचं, कारण बिघाड सुटेपर्यंत ती डोक्यात वाजत राहिली तर माणूस काम काय करणार? सिस्कोच्या एएसआर १००० वर्गातल्या राउटरवर क्रिटिकल-मेजर-मायनरचे तीन छोटे दिवे आणि शेजारी 'एसीओ' लिहिलेलं बटण असतं. ऑडिबल अलार्म कट-ऑफ. तेच ते.

पण या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती: दिवा बघायला आणि घंटा ऐकायला माणूस आहे.

१७ सप्टेंबर १९९१. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या थॉमस स्ट्रीटवर एटीअँडटी कंपनीची एक प्रचंड इमारत आहे, एकही खिडकी नसलेली, खास टेलिफोनच्या स्विचसाठी १९७४ मध्ये पूर्ण झालेली. त्या दिवशी उकाडा होता, शहरात विजेची मागणी वाढलेली. वीज कंपनीशी असलेल्या करारानुसार एटीअँडटीने सकाळी आपल्या इमारतीचा भार स्वतःच्या जनरेटरवर घेतला. या अदलाबदलीत रेक्टिफायर बंद पडले. रेक्टिफायर म्हणजे एसी विजेची डीसी करून स्विच चालवणारे आणि बॅटऱ्या भरत ठेवणारे. ते पडल्यावर सगळा भार बॅटऱ्यांवर आला. बॅटऱ्यांनी इमानेइतबारे काम केलं. साधारण सहा तास.

सहा तास म्हणजे केवढा वेळ! एक माणूस त्या पॉवर रूमवरून फिरला असता तरी पुरे होतं. पण जे अलार्म वाजायला हवे होते ते सगळे वाजले नाहीत, आणि जे लागले ते कुणी पाहिले नाहीत. आणि तंत्रज्ञ कुठे होते? ट्रेनिंगला. कशाच्या? पॉवर रूमच्या अलार्म सिस्टीमच्या! (हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर 'काहीही हं' म्हणून तुम्हीच पान बंद केलं असतं.) संध्याकाळी पाचच्या सुमाराला बॅटऱ्या संपल्या आणि स्विच बसले. पन्नास लाखांच्या आसपास कॉल अडले. विमानांचं नियंत्रण करणाऱ्यांच्या लाइनी याच इमारतीतून जात होत्या, त्यामुळे केनेडी, ला ग्वार्डिया आणि न्यूअर्क हे तिन्ही विमानतळ ठप्प झाले. शेकडो उड्डाणं रद्द.

माझ्या घाटातल्या खोलीत असलं काही नव्हतं, दोन-तीन गावांची लिंक गेली एवढंच. पण वाचताना घशाला कोरड पडली. क्रम तोच. मुख्य वीज गेली, मधलं काहीतरी निमूट मेलं, बॅटरीने वेळ दिला आणि तो वेळ कुणाच्या कामी आला नाही.

टेलिफोन कंपन्यांनी तोवर दूरच्या एक्स्चेंजचे अलार्म एका ठिकाणी आणायला सुरुवात केलीच होती. १९८४ मध्ये बेलकोअरने टीएल१ नावाची भाषा ठरवली, उपकरणांनी अलार्म कसे कळवायचे याची. इंग्रजीसारखे त्रोटक शब्द, माणसालाही वाचता येतील असे. मग आयपीचं युग आलं आणि जुन्या खास यंत्रणा आयपीवर आणायची टूम निघाली. त्यातूनच २००० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सिस्कोचं एक कार्ड आलं: एनएम-एआयसी-६४, अलार्म इंटरफेस कंट्रोलर. २६०० आणि ३६०० सिरीजच्या राउटरमध्ये बसायचं. आता हे कार्ड आणि ते राउटर दोन्ही कधीच निवृत्त झालेत, पण त्याचं मॅन्युअल वाचताना मला वाटलं की यात बॉस्टनपासूनचा सगळा इतिहास कोंबून बसवलाय.

६४ अलार्म पॉइंट. त्यातले ५६ साधे, म्हणजे सर्किट तुटलं की जुळलं एवढंच बघणारे. उरलेले ८ साधेही ठेवता येतात किंवा ॲनालॉग, म्हणजे व्होल्टेज किंवा करंट मोजणारे. शिवाय १६ आउटपुट, इथून बसून तिथला पंखा किंवा जनरेटर चालू करायला. प्रत्येक साध्या पॉइंटला सांगायचं, नॉर्मली ओपन की नॉर्मली क्लोज्ड. पोप की रॉबिन्सन!

ॲनालॉग पॉइंटवर तर आणखी एक जुनी युक्ती आहे. कारखान्यांत सेन्सर आपलं मोजमाप ४ ते २० मिलिॲम्पिअर करंटने कळवतात. शून्यापासून का नाही? कारण शून्य हे मेलेल्या तारेसाठी राखून ठेवलंय. टाकी रिकामी असेल तर ४ येतात. ० आले तर टाकी सोडा, तार बघा. विजेच्या आधी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं होती, तीसुद्धा शून्यापासून नाही, ३ ते १५ पीएसआयमध्ये बोलायची. कारण तेच. चोराच्या अलार्मवाल्यांनी हेच आपल्या पद्धतीने केलं. बंद लूप ठेवला तर हुशार चोर मध्येच तारा एकमेकींना जोडून टाकतो, लूप बंदच राहतो आणि दार उघडलेलं कळत नाही. म्हणून तारेच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर लावतात. तार कापली तर रेझिस्टन्स अनंत, जोडून टाकली तर शून्य, आणि मधला ठरलेला आकडा आला तरच सगळं ठीक.

कार्ड कॉन्फिगर करणं विशेष अवघड नव्हतं. कार्डाला स्वतःचा सीपीयू. राउटरच्या आत एका सिरीयल इंटरफेसने जोडलेला, त्याला आयपी ॲड्रेस द्यायचा, राउट टाकायचा. पॉइंट ठरवायचे, नावं द्यायची, अलार्म टीएल१ आणि एसएनएमपीने बाहेर पाठवायचे. आणि 'रिसेट-टायमर' अशी एक कमांड. कार्डाने ठराविक वेळात उत्तर दिलं नाही तर राउटर त्याला रिसेट करणार. म्हणजे पहारेकऱ्यावर पहारा.

इथे थांबून मला आमच्या नेहमीच्या कामाबद्दल एक शंका आली. राउटर अलार्म पाठवतो तो बहुतेक वेळा एसएनएमपी ट्रॅप म्हणून, यूडीपीवर, पोर्ट १६२. पाठवला आणि विसरला. पोचला का, कोणी विचारत नाही. लिंक पडलेली असेल तर लिंक पडल्याचा ट्रॅप त्याच लिंकवरून जाणार होता! हे पोपचंच सर्किट आहे, फक्त तार जरा लांब. उलट आपण जे दर पाच मिनिटांनी राउटरला विचारतो, 'आहेस का रे?', किंवा दोन बीजीपी राउटर एकमेकांना कीपअलाइव्ह पाठवत राहतात, ते रॉबिन्सनचं. उत्तर आलं नाही हीच बातमी. आमच्याकडे त्या साइटवर राउटरसाठी पोलिंग होतं, म्हणून निदान राउटर मेला तेव्हा तरी कळलं. पण तापमानासाठी फक्त ट्रॅप. आणि तोसुद्धा एका मेलेल्या कंट्रोलरच्या भरवशावर.

दुरुस्तीला गेलो तेव्हा वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. कंट्रोलरच्या रिलेला तीन स्क्रू असतात: कॉमन, एनओ, एनसी. तार एनओवरून काढून एनसीवर टाकायची, राउटरमध्ये इनपुट क्लोज्ड करायचा, झालं. टाकलीसुद्धा. मग सहज म्हणून कंट्रोलरची वीज काढून पाहिली. अलार्म नाही! डोकं खाजवत बसलो. कंट्रोलर अलार्मच्या वेळी रिले ओढत होता. म्हणजे ठीक असताना रिले सुटलेला, एनसी जुळलेला. वीज गेल्यावरही रिले सुटलेला, एनसी जुळलेला. फरक शून्य. तार कापली असती तर कळलं असतं, पण कंट्रोलर मेला तर नाहीच.

रिलेच्या कॅटलॉगमधलं 'नॉर्मल' म्हणजे रिलेला वीज नसताना. राउटरच्या कॉन्फिगमधलं 'नॉर्मल' म्हणजे सगळं ठीक असताना. शब्द एकच, आणि त्या दोघांच्या मधे मी. शेवटी कंट्रोलरच्या मेनूत जाऊन रिलेचं काम उलटं केलं: ठीक असताना ओढून धरायचा, तापलं की सोडायचा. तार पुन्हा एनओवर. राउटरच्या दृष्टीने मात्र 'जुळलेलं म्हणजे ठीक'. नॉर्मली ओपन स्क्रूवर नॉर्मली क्लोज्ड सर्किट. रजिस्टरमध्ये हे लिहून ठेवलंय, कारण पुढच्या वेळी येणारा माणूस मला वेड्यात काढून 'दुरुस्त' करून जाईल. कंट्रोलरची वीजही एसीच्या एमसीबीवरून काढून बॅटरीच्या डीसीवर घेतली. मग एक-एक करून सगळं मारून पाहिलं. वीज काढली, अलार्म. तार उपटली, अलार्म. हेअर ड्रायरने सेन्सर तापवला, अलार्म.

मग दाराचा आणि धुराचा इनपुटही तसाच बदलला आणि खाली उतरलो.

त्याच रात्री सव्वादोनला फोन वाजला. दार उघडं. तिथल्या वॉचमन काकांना झोपेतून उठवलं, ते टॉर्च घेऊन वर गेले. दाराला कुलूप जसंच्या तसं. सकाळी जाऊन पाहिलं तर दाराच्या कॉन्टॅक्टचा एक स्क्रू सैल होता. किती महिने सैल होता, कुणास ठाऊक. काका म्हणाले, "साहेब, आधीचंच बरं होतं, निदान झोप तरी लागायची."